चिनूला जाऊ द्या

कार्लस्रुह, १४ मार्च

ती. आई आणि बाबांना,
सा. न. वि. वि.

फोनवर हा विषय काढला की आई भाजीवाल्याचं काहीतरी सांगायला लागते आणि बाबा 'बरं, बघू' म्हणून फोन आईकडे देतात, म्हणून लिहितेय. चहा झाल्यावर सावकाश वाचा. बाबा, चष्मा लावून.

मुख्य गोष्ट आधीच सांगून टाकते. उन्हाळ्याचे तीन महिने प्रयोगशाळेत काम करायला यायला चिनूने इथल्या, जर्मनीतल्या, ट्युबिंगेनच्या प्राध्यापकांना होकार कळवलाय. बुधवारी रात्री. मीच कळवायला लावलं, तेव्हा रागवायचं असेल तर माझ्यावर रागवा. तो नकार देणार होता. मेल लिहून तयार ठेवली होती आणि पाठवायच्या आधी इंग्रजी तपासायला म्हणून मला दाखवली. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन मेमध्ये आहे, घरी कुणीतरी हवं, एवढंच त्याचं म्हणणं. एवढा मोठा कधी झाला हा? मला फार बरं वाटलं आणि त्याहून जास्त वाईट वाटलं. ते 'कुणीतरी' म्हणजे ताई का नाही, असं तो एका शब्दाने बोलला नाही.

तर ते कुणीतरी मी आहे. मेच्या पहिल्या आठवड्यात मी सांगलीला येतेय, जूनच्या मध्यापर्यंत राहतेय. वर्षाची तीस दिवसांची रजा एकदम घेतली, ऑफिसने मंजूर केली, तिकीटही काढलं. 'कशाला सगळी रजा घालवलीस' हे वाक्य आई आता म्हणणार. म्हणू नकोस, घालवली. मिरजेच्या डॉक्टरांशी बोलून तारीख नक्की करून घ्या, म्हणजे मी ऑपरेशनच्या आधी दोन दिवस तरी पोचलेली असेन.

आता दुसरं. मागच्या रविवारी बाबा म्हणाले, "तीन महिन्यांत कुणाचं काय भलं होतं?" आणि मग जरा थांबून, "तुझेही तीनच महिने होते." मी काही बोलले नाही. त्या वाक्यात काय काय आहे ते मला कळतं. तीन महिन्यांसाठी म्हणून गेली ती गेलीच, असं तुम्हाला वाटतं. बोलून दाखवत नाही, पण वाटतं.

बाबा, २०१८ च्या उन्हाळ्यात मी इथे आले तेव्हा मला नद्यांचं काहीही करायचं नव्हतं. काय करायचं हेच माहीत नव्हतं. नागपूरला आमच्या वर्गातली कितीतरी मुलं सिव्हिल शिकत होती आणि तयारी करत होती सॉफ्टवेअर कंपन्यांच्या मुलाखतींची. मीही तेच करत होते. डाडची, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांना इथे आणणाऱ्या जर्मन संस्थेची, ती उन्हाळ्याची वाइज शिष्यवृत्ती मिळायची तर आधी आपण आपलं एखाद्या जर्मन प्राध्यापकाचं निमंत्रण मिळवावं लागतं. मी हॉस्टेलच्या गच्चीत बसून मेल पाठवत राहायची, बहुतेकांची उत्तरंच यायची नाहीत. इथून आलं, म्हणून मी इथे आले. दुसरीकडून आलं असतं तर कदाचित पूल बांधत असते.

इथली पाण्याची प्रयोगशाळा थिओडोर रेबॉक नावाच्या प्राध्यापकांनी १९०१ साली सुरू केली. फोटो तुम्ही पाहिलेत, पण फोटोत ते कळत नाही. मोठी शेड, आत सिमेंटमध्ये घडवलेली नदी, एकास पन्नास प्रमाणात. माझं काम म्हणजे एक टोकदार सुई स्क्रूने हळूहळू खाली आणायची. सुई पाण्याच्या जवळ आली की खालून तिचं प्रतिबिंब वर येतं, दोन टोकं एकमेकांना भेटली की थांबायचं आणि माप वाचायचं. दिवसभर हेच. एक मिलिमीटर चुकलं की खऱ्या नदीत पाच सेंटिमीटर चुकलं. मॉडेलमधला एक तास म्हणजे खऱ्या नदीचे सात तास, म्हणून पूर डोळ्यांदेखत चढतो. कॉलेजात पाण्याच्या वेगाचं मॅनिंगचं सूत्र मला पाठ होतं. त्यातला खरखरीतपणाचा आकडा म्हणजे काठावरची झुडपं आणि तळातले गोटे, हे मात्र हाताने खडी चिकटवायला लागले तेव्हा समजलं.

तुम्ही मला सायकलच्या दांडीवर बसवून कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला न्यायचात. खांबावरचे आकडे मला वाचायला लावायचात. "मने, किती?" मी ओरडून सांगायचे. घरी आलो की आईही तेच विचारायची, आज किती फूट? सगळ्या गावभागाचा पावसाळा त्या एका प्रश्नावर जायचा. चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका. ते सुईचं काम मला कंटाळवाणं का वाटत नाही, हे माझ्याबरोबरच्या मुलांना कळायचं नाही. मला कळत होतं.

असली मॉडेलं आपल्या खडकवासल्याला आहेत. पाण्याच्या संशोधनाची १९१६ पासूनची संस्था ती, तुम्ही वारणालीतून पाटबंधारे खात्याच्या कामाला गेलाही आहात. तरी तीन वर्षं सिव्हिल शिकून मी तिथे पाऊल टाकलं नव्हतं. पुस्तकातलं हातात कसं येतं, हे शिकायला मला इथवर यावं लागलं याचं मला अजून वाईट वाटतं. पण शिकले ते खरं.

आणि राइन! इथल्याच टुल्ला नावाच्या इंजिनिअरने १८१७ मध्ये ती सरळ करायला घेतली. वळणं कापली. बाझेल ते वर्म्सपर्यंत नदी ८१ किलोमीटरने आखूड झाली. दलदल गेली, शेती आली, लोक खूश झाले. पुढे विसाव्या शतकात बंधारे आणि वीजघरं झाली, आणि बाझेलहून इथे यायला पुराला अडीच दिवसांहून जास्त लागायचे ते एक दिवसाच्या आत आलं. आता उजव्या काठावर १३ ठिकाणी पुराला जागा परत करायचं काम चाललंय. सगळी मिळून १६.७३ कोटी घनमीटर. तुमच्या हिशोबात सहा टीएमसीला थोडी कमीच. कोयनेच्या १०५ टीएमसीपुढे हे काय, असं तुम्ही म्हणाल. पण हे पाणी नेमकं कुठे आणि नेमक्या कोणत्या तासाला आत घ्यायचं, यावर खालच्या शहरांत पूर किती चढणार ते ठरतं. त्यातल्याच एका जागेचं गणित आज माझ्या टेबलावर आहे. त्या तीन महिन्यांत प्राध्यापकांनी आम्हाला बसने तिथे नेलं होतं, गुडघाभर चिखलात उभं केलं होतं, आणि मी त्यांना सांगलीबद्दल विचारत राहिले होते. त्यांना सांगली माहीत नव्हती. त्यांनी विचारलं, तुमच्या नदीला पसरायला जागा कुठे आहे? मला उत्तर देता आलं नाही.

एक गोष्ट तुम्ही विसरता. त्या उन्हाळ्यानंतर मी परत आले होते. शेवटचं वर्ष केलं, पुण्याच्या कंपनीचं पत्रही हातात होतं, आणि इथल्या एम.एस्सी.चा प्रवेशही. मी ठरवत नव्हते. मग ऑगस्ट २०१९ आला. आयर्विनला साडेसत्तावन्न फूट. मामाकडे विश्रामबागेत आपण सगळे एका खोलीत, आणि आईने घर सोडताना आधी देव उचलले आणि लगेच माझी सर्टिफिकेटांची फाईल. आजीच्या औषधांच्याही आधी. ती फाईल अजून माझ्याकडे आहे, तिला चिखलाचा डागसुद्धा नाही. घर धुवायला आपण गेलो, बाबा भिंतीवरची रेघ खडूने ओढत होते आणि मी मनात हिशोब करत होते की हे पाणी कुठे अडवता आलं असतं. त्या क्षणी ठरलं. आदल्या उन्हाळ्यात तीन महिने सुई धरली नसती तर मीही नुसतीच रेघेकडे बघत उभी राहिले असते.

पुढचं सगळं त्याला लागूनच आलं. प्राध्यापकांनी माझं काम पाहिलं होतं म्हणून शिफारसपत्र मनापासून लिहिलं. शेडमधलं काम येत होतं म्हणून शिकताना तिथेच सहायकाची नोकरी मिळाली, खोलीचं भाडं त्यातून निघालं. सेमिस्टरची १५०० युरो फी बाबांनी पीएफमधून भरली, ती मी कधीच विसरणार नाही. मार्कांच्या कागदावर मी इतर हजारांसारखीच होते. त्या उन्हाळ्यामुळे कुणीतरी मला नावाने ओळखत होतं.

सगळ्यांचं असंच होतं असं मी म्हणत नाही. माझ्याबरोबर कोल्हापूरचा एक मुलगा आला होता. दुसऱ्याच महिन्यात त्याला कळलं की प्रयोगशाळेत बसून राहणं आपल्याने होणार नाही. तो परत गेला आणि आता शिरोलीला वडिलांची फाउंड्री बघतो. मजेत आहे. पीएच.डी.ला चार वर्षं घालवून हे कळण्यापेक्षा एका उन्हाळ्यात कळलं, हे किती बरं! चिनूचं मला हेच हवंय. त्याला जीवशास्त्र आवडतं हे आपल्याला त्याने श्रीखंडाच्या डब्यात सुरवंट पाळले तेव्हापासून माहीत आहे. (आईने डबा उघडला होता तो दिवसही माहीत आहे.) पण आवडणं वेगळं, आणि रोज सकाळी आठला जाऊन तेच नमुने, तीच नोंद, चार वेळा फसलेला प्रयोग पाचव्यांदा, हे वेगळं. ते त्याला झेपतंय का, हे त्याचं त्यालाच बघू दे. जागाही काय मिळालीय! १८६९ साली मीशर नावाच्या तरुणाने पेशींच्या केंद्रातून पहिल्यांदा तो पदार्थ वेगळा काढला, ज्याला आज आपण डीएनए म्हणतो, ते ट्युबिंगेनच्या किल्ल्यात, जुन्या स्वयंपाकघरात थाटलेल्या प्रयोगशाळेत. चिनूला हे विचारा, अर्धा तास बोलेल.

त्याची काळजी अजिबात करू नका. शिष्यवृत्तीत राहण्याखाण्याचं भागतं, आजारपणाचा आणि अपघाताचा विमा त्यातच असतो. विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात खोली मिळतेय, स्वयंपाकघर आहे, कुकर मी ठेवून येतेय. पहिला महिना मी सांगलीत असेन, पण स्टुटगार्टला माझी नांदेडची मैत्रीण आहे, ती त्याला विमानतळावर घ्यायला जाईल आणि पहिला रविवार जेवायला बोलावेल. रविवारी इथे दुकानं बंद असतात, हे त्याला सतरा वेळा सांगा, नाहीतर उपाशी राहील. मी परतले की दोन तासांवर आहे. जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, अंधारात भटकतोय असं मनात आणू नका. आई, बॅगेत पेढे, खवा, तूप काही घालू नकोस, दुधाचं इथे आणू देत नाहीत. मेतकूट, भडंग, गोडा मसाला, आपली हळद दे. हळद दोन पिशव्यांत बांध, मागच्या वेळी माझे सगळे कपडे पिवळे झाले होते.

तो परत येईल ना, असं आई रात्री बाबांना विचारत असणार. वचन मी देऊ शकत नाही. त्याच्या कॉलेजचं, आयसरचं, शेवटचं वर्ष आहे, तेवढ्यासाठी तरी ऑगस्टमध्ये तो पुण्यात असेलच. त्यानंतरचं त्याचं तो ठरवेल. आजीच्या वेळी मला येता आलं नाही, विमानंच बंद होती, हे तुम्ही मला कधी ऐकवलं नाहीत. मी मात्र रोज स्वतःला ऐकवते. तरी सांगते, मी इथे आहे म्हणून तुमच्यापासून लांब गेले असं मनाला लावून घेऊ नका. जुलै उजाडला की इथल्या राइनवरच्या मॅक्साऊच्या पातळीआधी मी आयर्विनची बघते, मगच दात घासते.

आता कामाचं. कमोड आत्ताच बसवून घ्या, ऑपरेशननंतर नाही. बाजूला भिंतीत धरायला दांडा हवा. बाबांचा पलंग खालच्या खोलीत आणा. देवपूजेला खुर्ची, मांडी घालून बसायचं नाही म्हणजे नाही, देव काही रागवत नाहीत. बीपीची गोळी 'आज बरं वाटतंय' म्हणून चुकवायची नाही. आई, सिलिंडर तू ओढणार नाहीस. स्वयंपाकाच्या मावशींना मे-जून दोन्ही वेळा बोलाव, पैसे मी पाठवतेय आणि त्यावर वाद नको. बाबा, चालायला आत्तापासून जा, पण पुलाकडे नको, रहदारी फार आहे. आमराईत जा.

मी रविवारी फोन करीन. त्याआधी चिनूला एक फोन करायचा आहे, आणि तो बाबांनी करायचा आहे, आईकडे न देता. फार काही बोलू नका. पासपोर्टची झेरॉक्स काढलीस का, एवढं विचारलंत तरी त्याला कळेल.

तुमची,
मनू

ता. क. कमोडवाल्याकडून उंचीचं माप आधी मला व्हॉट्सअॅपवर पाठवा, मी डॉक्टरांना विचारून सांगते. तोवर त्याला पैसे देऊ नका.