बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या काकांना जाहीर थँक्यू

काका, तुमचा फोन बटणवाला, त्यामुळे हे तुम्हाला सूनबाई वाचून दाखवतील. मोठ्यानं वाचायला सांगा, समोरच्या ओट्यावरही ऐकू गेलं पाहिजे.

माझं ठरलेलं लग्न मोडलं तेव्हा सल्ल्यांचा नुसता पूर आला होता. मावशीनं पत्रिका परत उघडली, आतेभावानं 'स्वतःवर प्रेम करा' टाइप जाडजूड पुस्तक आणून दिलं, फी भरून ज्या बाईंशी बोलायला गेले त्यांचं निम्मं लक्ष घड्याळात, आणि शेजारच्या बेनचं रोज सकाळी 'जे थयुं ते सारुं', म्हणजे झालं ते बरंच झालं. अहो सारुं काय, हॉलचं डिपॉझिट बुडालं ना!

तुम्ही काहीच विचारलं नाहीत. पानं सुटलेलं, रबरबँड लावलेलं 'चिमणरावाचे चऱ्हाट' हातात ठेवलंत आणि वर दम दिलात की चिं. वि. जोशी आपल्या बडोदा कॉलेजात पाली शिकवायचे, पाली शिकवणारा माणूस एवढा हसवतो, मग तुला हसायला काय धाड भरलीय. चिमणराव मला टीव्हीवरच्या दिलीप प्रभावळकरांमुळे ऐकून माहीत, वाचला कधीच नव्हता. आणि हा पुण्याचा कारकून स्वतःची फजिती स्वतःच इतकी रंगवून सांगतो की लोकांना मागून कुजबुजायला काही शिल्लकच राहात नाही. मला ते फार म्हणजे फार आवडलं, कारण तेव्हा आमच्या वाड्यात कुजबुजीशिवाय दुसरं काही चालूच नव्हतं.

मग मीही माझ्या मोडलेल्या लग्नाची गोष्ट लिहिली. मावशी, केटरर, साड्यांवरून झालेली भांडणं, आणि चिमणरावाचा जोडीदार गुंड्याभाऊ, त्याच्या जागी माझा आतेभाऊ. तुम्ही ओट्यावर बसून ती सगळी वाचलीत, डिपॉझिटपाशी इतके हसलात की चष्मा काढून पुसावा लागला. मग पानं उलटी चाळलीत, परत सुलटी, आणि विचारलंत, "यात नवरामुलगा कुठे बोलतच नाही गं?"

एवढंच. आणि दूध उतू जाईल म्हणून आत निघून गेलात.

मी तिथेच बसून अख्खी गोष्ट पुन्हा बघितली. खरंच, त्याच्या वाट्याला एक वाक्य नव्हतं! केटररला दोन पानं आणि ज्याच्याबरोबर जन्म काढायचा त्याला शून्य. मी त्याच्यासाठी रडतच नव्हते काका, लोक काय म्हणतील त्याला रडत होते. लग्न हवंय की नुसतं 'झालं एकदाचं' म्हणायचंय, हे मला एवढ्या सल्लागारांत एकानंही विचारलं नव्हतं. तुम्हीही नाही विचारलंत म्हणा, पण जागा बरोब्बर दाखवलीत, आणि मग गप्प बसलात. हे गप्प बसणं लोकांना का जमत नाही हो? साधी चांगली माणसं असतात ती अशीच, काम करतात आणि दूध बघायला जातात.

पुस्तक अजून माझ्याकडेच आहे, रबरबँड नवीन लावलाय. दुसरा भाग लिहायला घेतलाय, पण मावशीला कुठून तरी कळलंय, आणि तिचं म्हणणं की तिला डायलॉग कमी पडले.