‘बीपी लो’ झाल्यावर आधी कारण शोधावे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

वैशाखातल्या उकाड्यात आंब्याच्या बागेत राबणाऱ्या माणसाला घेरी आली की ‘बीपी लो झाले’ असे ठरवून घरचे त्याला सलाईन लावून आणतात. कोकणातल्या आरोग्य केंद्रांत नोकरी करताना हे मी वारंवार पाहिले. घामावाटे पाणी गेले असेल तर बाटलीने हुशारी वाटते हे खरे. परंतु अर्ध्या लिटरच्या साध्या सलाईनमध्ये साडेचार ग्रॅम मीठ आणि पाणी यांखेरीज काही नसते, आणि माणूस शुद्धीवर असून उलट्या होत नसतील तर मीठ घातलेली पेज किंवा जलसंजीवनी तेच काम करते. हृदय वा मूत्रपिंडे कमजोर असलेल्याला मात्र त्याच बाटलीने धाप लागू शकते.

९०/६० पेक्षा कमी दाब म्हणजे कमी रक्तदाब, असा सर्वसाधारण निकष आहे. कित्येक सडपातळ तरुणींचा दाब कायम तेवढाच असतो. त्यांना त्रास नसेल तर औषधाची गरज नाही. वयस्कांचे तसे नसते. प्रोस्टेटची गोळी, लघवी वाढवणारी गोळी किंवा जुना मधुमेह यांमुळे अंथरुणातून उठताच त्यांचा दाब कोसळतो आणि पहाटे न्हाणीकडे जाताना ते पडतात. रुग्णाला पाच मिनिटे आडवे ठेवून आणि नंतर उभे राहिल्यावर पहिल्या व तिसऱ्या मिनिटाला दाब मोजला, आणि वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला, तर निदान तिथेच होते. आपल्याकडे मात्र रांगेच्या घाईत स्टुलावर बसवून एकदाच मोजतात, त्यामुळे नेमका हाच दोष निसटतो. गोळी किंवा तिची वेळ डॉक्टरांकडून बदलून घेणे आणि बाजेवर थोडे बसून मगच उठणे, एवढ्यानेही अनेकांचे भागते. मीठ वाढवण्याचा सल्ला शेजाऱ्यांनी देऊ नये, कारण यांतल्या पुष्कळांना आडवे असताना उच्च रक्तदाब असतो.

पावसाळ्यात सावधगिरी अधिक हवी. लावणीच्या चिखलात काम केल्यानंतर ताप येऊन लघवी कमी झाली आणि दाबही उतरला, तर लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस, म्हणजे उंदरांच्या मूत्राने दूषित पाणी-चिखलातून होणारा ताप) संशय घेऊन त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे. डेंग्यूत तर ताप उतरतानाच धोका वाढतो. तेव्हा १००/८० हा आकडा दिसायला बरा, पण वरच्या-खालच्या आकड्यांतले अंतर २० वर येणे हे रक्ताभिसरण ढासळत असल्याचे लक्षण असते. काळी शौच, छातीत दुखणे किंवा गरोदरपणात रक्तस्राव यांसोबत दाब उतरल्यास गावात बाटली लावण्यात वेळ न दवडता १०८ ला फोन करावा.

जिल्हा आरोग्य विभागाला विनंती आहे की, चक्कर येणाऱ्या प्रत्येक वयस्क रुग्णाच्या केसपेपरवर आडवा आणि उभा असे दोन्ही दाब लिहिणे आणि चालू गोळ्यांची नोंद करणे बंधनकारक करावे.

आपली,
एक निवृत्त आरोग्य सहाय्यिका,
देवगड, जि. सिंधुदुर्ग