विकत घेतलेल्या गाण्याला कुलूप कशाला?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कॅसेट आणि सीडीवरची गाणी पेनड्राइव्हवर भरून देण्याचं माझं मिरजेत दुकान आहे. परदेशातून परतलेली मंडळी जुने लॅपटॉप घेऊन येतात. २००५-०७च्या सुमारास रीतसर पैसे मोजून घेतलेली गाणी त्यात असतात, पण विकणाऱ्या कंपनीने घातलेल्या डिजिटल कुलपामुळे दुसऱ्या यंत्रावर ती वाजत नाहीत, परवाना मागतात. परवाना देणारं ऑनलाइन दुकान केव्हाच बंद झालेलं असतं.

मायक्रोसॉफ्टने एप्रिल २००८मध्ये आपल्या एमएसएन म्युझिक या ऑनलाइन गाण्यांच्या दुकानाच्या ग्राहकांना कळवलं, की ३१ ऑगस्टनंतर नव्या संगणकासाठी कुलपाची किल्ली, म्हणजे परवाना, मिळणार नाही. ओरड झाली तेव्हा कुठे मुदत २०११ अखेरपर्यंत वाढली. ॲपलने २००९मध्ये गाण्यांचं कुलूप काढलं, पण आधीच्या ग्राहकांकडून त्यासाठी गाण्यामागे ३० सेंट घेतले. पैसे दोनदा का द्यायचे?

मूळ संगणकावर गाणं अजून वाजत असेल, तर त्याची ऑडिओ सीडी करून तिच्यावरून एमपीथ्री बनवता येते. सीडी करायची मुभा ॲपलच्या आयट्यून्स या गाण्यांच्या दुकानाने स्वतःच दिली होती. विकत घेतलेल्या फाइलमध्ये आवाज आधीच आकसलेला असतो, तो एमपीथ्री करताना मात्र दुसऱ्यांदा आकसतो. तानपुऱ्याची जवारी ऐकणाऱ्याला ते लगेच कळतं आणि मला तशी फाइल हातात देताना वाईट वाटतं. मूळ संगणक भंगारात गेला असेल, तर माझ्याकडेही इलाज नाही.

आपला कायदा ग्राहकाच्या बाजूने आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली आलेल्या कलम ६५अ नुसार हक्कभंगाच्या हेतूने कुलूप तोडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे. कायद्याची मनाई नसलेल्या कामासाठी तोडल्यास हे कलम आड येत नाही. पण तशी मदत करणाऱ्याने ग्राहकाचं नाव, पत्ता आणि कारण यांची पूर्ण नोंद ठेवायची! मी त्यासाठी वही केली आहे. वही पुढे केली की माणसं बिचकतात, काही तर लॅपटॉप उचलून निघून जातात.

महिन्याच्या वर्गणीवर ॲपमध्ये उतरवलेली गाणी भाड्याची, ती मी काढून देत नाही. विकलेल्या मालाचं तसं नाही. सेवा बंद करणाऱ्या कंपनीने आधी प्रत्येक ग्राहकाला बिनकुलपाची फाइल मोफत द्यावी, अशी सक्ती केंद्र सरकारने करावी. तोवर वाचकांनी जुना लॅपटॉप विकण्याआधी त्यातली गाणी वाजवून पाहावीत आणि वाजत असतील तर लगेच सीडी करून घ्यावी.

– एक दुकानदार, मिरज