वकिलांच्या रोजनिशीतले ‘चि.’ देशपांडे

महोदय,

दांडिया बाजारातला एक जुना वाडा गेल्या महिन्यात पाडला. तिथल्या वकिलांची बाडं रद्दीत गेली, हे मला दोन दिवस उशिरा कळलं. तेव्हापासून जीव स्वस्थ नाही, म्हणून हे पत्र.

माझे पणजोबा बडोदे संस्थानात वकील होते. त्यांची १९०४ ची मोडीतली रोजनिशी माझ्याकडे आहे. ती वाचण्यासाठी मी साठीनंतर मोडी शिकले. खटल्यांबद्दल तीत फारसं नाही. न्यायमंदिरातून सूरसागरच्या काठाने घरी येताना कोण भेटलं, कोणाकडे पानसुपारी झाली, हे मात्र नेमाने लिहिलंय. नावं अर्धवट: ‘देशपांडे आले’, ‘अण्णांकडे गेलो’.

हे देशपांडे म्हणजे श्री अरविंदांचे स्नेही बॅरिस्टर केशवराव, असं आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. अरविंदबाबू १८९३ ते १९०६ बडोद्यात होते, त्यामुळे कोणाला शंका आली नाही. मलाही ते खरं असावं असं फार वाटायचं. पण वहीच्या शेवटी आजोबांच्या मुंजीतल्या आहेराची यादी सापडली. भटजींना वे. शा. सं., बरोबरीच्यांना रा. रा., वडीलधाऱ्यांना ती., आणि देशपांड्यांच्या नावामागे चक्क ‘चि.’, म्हणजे लहानांना लावतात ते चिरंजीव! आहेर सव्वा रुपया. विलायतेहून आलेल्या बॅरिस्टरांना पणजोबा ‘चि.’ लिहिणं शक्यच नाही. मग सगळ्या नोंदी पुन्हा लावून पाहिल्या. देशपांडे येत ते कोर्टाच्या तारखेच्या आदल्या संध्याकाळी, अर्ज उतरवून घ्यायला. हा तर हाताखालचा तरुण कारकून! एकदा त्याला ताप आला तेव्हा घरून पेज पाठवल्याचीही नोंद आहे. ती ओळ वाचली आणि पणजोबा मला पहिल्यांदा जवळचे वाटले.

‘ती. अण्णा’ मात्र अजून सापडलेले नाहीत. ते बडोद्यातल्या वाडी भागात राहत, भाद्रपदात त्यांच्याकडे श्राद्धाला पणजोबा जेवायला जात, एवढंच हाती आहे. त्यांच्या घरीही आहेराची वही असेल, तीत आमच्या पणजोबांचं नावही असेल. ती वही कोणाच्या माळ्यावर पडली असेल, तर कृपा करून रद्दीवाल्याला देऊ नका. आणि मागची पानं फाडू नका. हिशेब म्हणून आपण नेमकी तीच टाकून देतो.

मोडी वाचून द्यायला मी तयार आहे, पैसे नकोत. माझा पत्ता आपल्या कार्यालयात ठेवला आहे.

एक वाचक, बडोदे