काकू, ‘आधी ट्रे गार कर’ यासाठी

प्रिय काकू,
सा. न. वि. वि.

समोर बसून आभार मानायला गेलं की तुम्ही ‘पुरे गं, चहा घे’ म्हणून विषयच संपवता. म्हणून हे सगळ्यांदेखत लिहितेय. कुकी प्रेसशी झटापट करणाऱ्या चार जणींच्या उपयोगी पडेल, आणि तुमची सून तुम्हाला वाचून दाखवेलच.

भावाने जर्मनीहून आणलेला तो कुकी प्रेस म्हणजे आपला सोऱ्याच. तीच नळी, तोच दट्ट्या, पुढे फुलापानांच्या चकत्या. फक्त पिळायच्या मुठीऐवजी खटका. एकदा दाबला की एक कुकी. तिकडे नाताळात या करतात, स्प्रिट्झ म्हणतात. माझ्याकडे मात्र फूल ट्रेवर उतरायलाच तयार नव्हतं. प्रेस उचलला की पीठही त्याच्याबरोबर वर. सोबतच्या माहितीपत्रकात चित्रं भरपूर, कारण कुठेच नाही.

तुम्ही वर आलात तेव्हा तुमच्या घरी चिवड्याचे पोहे उन्हात पडले होते, हे मला मागाहून कळलं. असलं यंत्र तुम्ही जन्मात पाहिलं नव्हतं. तरी त्याला हातही न लावता तुम्ही आधी ट्रे चाचपलात. ‘हा कागद काढ. पीठ धरणार कशाला?’

चकली कागदावर पडते, कारण तिचं टोक आपण हाताने तोडतो. इथे तोडणारं कुणी नाही. पिठाने खाली ट्रेला घट्ट धरलं, तरच ते वरच्या चकतीपासून सुटणार. म्हणजे बटर पेपर नको, तूप-बटरचा हात नको, ट्रे कोरा हवा. आणि गार. पहिला घाणा काढून त्याच गरम ट्रेवर दुसरा घातला की बटर लगेच सुटतं, फूल जागचं घसरतं. तुम्ही ट्रे नळाखाली धरलात, फडक्याने खडखडीत कोरडा केलात आणि म्हणालात, ‘आता दाब, एक क्षण थांब, मग सरळ वर उचल.’ उतरलं की हो फूल, पाकळ्यांसकट!

पीठ गार करायला मात्र तुम्ही दिलं नाहीत. मी ते फ्रीजमध्ये ठेवायला निघाले होते. घट्ट गोळ्यापुढे दट्ट्या हलत नाही, हे सोऱ्या चालवलेल्या हाताला कळणारच. बोट रुतावं पण पीठ बोटाला लागू नये, ही तुमची खूण. मुंबईत हे साधणं सोपं नाही. बटर साधारण ३२ ते ३५ अंशांना वितळतं, आणि ऑक्टोबरच्या दुपारी आपलं स्वयंपाकघर तिथेच पोहोचलेलं असतं. म्हणून आता मी सकाळीच करते. गॅस पेटवायचा नसल्याने पंखाही लावता येतो, हे दिवाळीच्या फराळात केवढं सुख!

प्रमाण तुम्ही विचारलं होतंत, ते इथेच देते. २०० ग्रॅम बटर, १०० ग्रॅम पिठीसाखर, दोन मोठे चमचे दूध, २५० ग्रॅम मैदा, थोडी वेलची. मूळ कृतीत अंडं असतं. सासूबाईंसाठी मी दूध घालते. बटर खारं असेल तर वेगळं मीठ नको. बेकिंग पावडर अजिबात नको, नाहीतर फूल फुगून त्याची पुरी होते. ओटीजी, म्हणजे विजेचा छोटा ओव्हन, आधी तापवून १८० अंशांवर दहा-बारा मिनिटं, कडा जेमतेम बदामी होईपर्यंत.

त्या दिवशी हात चालू असताना तुम्ही गिरगावातल्या चाळीच्या गोष्टी सांगत होतात. नानकटाईचे पत्र्याचे ट्रे घेऊन पोरांनी बेकरीच्या भट्टीपाशी रांग लावायची, आणि आपलाच ट्रे परत आलाय ना यावर डोळा ठेवायचा. कुकीपेक्षा मला तेच जास्त आवडलं, खरं सांगते. माझ्या लेकीने त्यावर तुम्हाला इतके प्रश्न विचारले, की पोह्यांची आठवण तुम्हाला बहुधा तेव्हाच झाली असावी.

निळ्या झाकणाचा डबा पाठवतेय. वरच्या थरात फुलं आहेत, खाली लेकीने दाबलेले प्रकार. त्यांना नाव देऊ नका. आणि काकू, एवढं ऐका: डबा या वेळी रिकामाच परत पाठवा. तुमच्या करंज्या अजून संपल्या नाहीत.

तुमची,
वरच्या मजल्यावरची