दुभाष्याचा चेहराही दिसू द्या

२३ सप्टेंबरच्या आंतरराष्ट्रीय सांकेतिक भाषा दिनासाठी ठाणे-नवी मुंबईत कार्यक्रम आखणाऱ्यांना हे पत्र.

भारतीय सांकेतिक भाषा म्हणजे मराठी वाक्यांचे हातवारे नव्हेत. तिचे व्याकरण स्वतंत्र आहे. ‘काय’, ‘कुठे’ हे वाक्याच्या शेवटी येतात, नकारही शेवटी. हो-नाहीचा प्रश्न भुवया उंचावून विचारतात; भुवया हलल्या नाहीत तर तेच विधान ठरते. ‘देणे’ ही खूण तर पाहत राहावी अशी! हात देणाऱ्याच्या जागेपासून घेणाऱ्याच्या जागेकडे जातो आणि कोणी कोणाला दिले, हे एका हालचालीत कळते.

म्हणूनच गडकरी रंगायतन असो वा वाशीचे भावे नाट्यगृह, दुभाष्याला मंचाच्या अंधाऱ्या कोपऱ्यात उभे केले की चेहऱ्यावरचे सारे व्याकरण हरवते. त्याला वक्त्याशेजारी, पुरेशा प्रकाशात जागा द्या. मागे एकरंगी पडदा हवा, अंगात त्वचेच्या रंगाहून वेगळा, बिननक्षीचा कपडा. कर्णबधिर प्रेक्षकांना त्याच बाजूच्या पुढच्या रांगा राखून ठेवा. २०-३० मिनिटांत दुभाषा थकतो, खुणा सुटू लागतात; लांबलेल्या कार्यक्रमाला आलटूनपालटून काम करणारे दोघे लागतात. भाषणांच्या प्रती आदल्या दिवशी द्या, नाहीतर अनोळखी नावे बोटांनी अक्षर-अक्षर दाखवताना पुढचे वाक्य निसटते. आणि प्रश्नोत्तरांच्या वेळी दुभाष्याकडे नव्हे, कर्णबधिर व्यक्तीकडे पाहून बोला.

– सांकेतिक भाषेचे काही शिक्षक, ठाणे (प.)