इन्हिबिटर निगेटिव्ह? साहेब, आधी रीएजंट कुठलं ते विचारा

मा. आरोग्यमंत्री महोदयांस,
स. न. वि. वि.

इन्हिबिटरची, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या फॅक्टर आठला निकामी करणाऱ्या अँटीबॉडीची, खात्रीची तपासणी दिवाळीपर्यंत इंदूरलाच होईल, असं आम्हा पालकांना बैठकीत सांगितलं होतं. दिवाळी झाली, होळीही झाली. आणि गेल्या आठवड्यात एका मुलाचा रिपोर्ट आला: फॅक्टर आठ १५० टक्क्यांच्या वर, इन्हिबिटर निगेटिव्ह. मुलगा तीव्र हिमोफिलिया ए चा, म्हणजे अंगात फॅक्टर आठ जवळजवळ नसलेला, आणि एमिसिझुमॅब या औषधावर असलेला. अभिनंदन, यंत्राने त्याला बरा केला!

एमिसिझुमॅब हे सक्रिय फॅक्टर नऊ आणि फॅक्टर दहा यांना जोडून आठचं काम परस्पर उरकतं. म्हणून एपीटीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ) नॉर्मल येतो, कधी त्याहून कमी. त्यावर बेतलेली फॅक्टरची तपासणी फसते आणि इन्हिबिटर मोजणारी नेहमीची बेथेस्डा तपासणीही. नमुना ५६ अंशांवर तापवूनही हे औषध निकामी होत नाही. शेवटच्या डोसनंतर सहा महिन्यांपर्यंत घोळ राहू शकतो. इथे गाईचे फॅक्टर असलेलं क्रोमोजेनिक रीएजंटच (रंगावरून मोजणारं तपासणीचं रसायन) लागतं; मानवी फॅक्टरचं घेतलंत तर पुन्हा तीच फसगत. निविदेत एवढा एक शब्द घालायला कोणता मुहूर्त हवा आहे?

असल्या रिपोर्टवर विसंबून ऑपरेशनला फॅक्टर आठ दिला आणि टायटर (इन्हिबिटरचं प्रमाण) ५ बेथेस्डा युनिटच्या वर निघालं, तर महागडा फॅक्टर पाण्यात, रक्तस्राव चालूच, वर अँटीबॉडी आणखी चढते. मग घाईघाईने फीबा (इन्हिबिटरला वळसा घालून रक्त गोठवणारं औषध). एमिसिझुमॅबवरच्या रुग्णाला तो दिवसाला किलोमागे १०० युनिटपेक्षा जास्त, २४ तास किंवा त्याहून अधिक काळ गेला, की बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होण्याचा धोका. म्हणून आधी रिकॉम्बिनंट सेव्हन-ए, तसंच दुसरं औषध. फीबा द्यावाच लागला तर प्लेटलेट, एलडीएच, क्रिएटिनिन रोज बघायचं, रक्ताच्या स्मिअरमध्ये तुटक्या लाल पेशी शोधायच्या. रात्री अकराला हे कोण करणार? लॅबला तर कुलूप!

नमुन्याचे हाल वेगळेच. ३.२ टक्के सायट्रेटची (रक्त गोठू न देणारी) ट्यूब खुणेपर्यंत भरायची, दोनदा सेंट्रिफ्यूज करायचं, प्लाझ्मा उणे ७० ला गोठवायचा, ड्राय आइसमध्ये पाठवायचा. प्रत्यक्षात अर्धी भरलेली ट्यूब बर्फाच्या पिशवीत, रात्रीच्या बसने मुंबईला. मे महिन्यातल्या आमच्या उन्हात!

कोट्यवधींची यंत्रं येतात, कारण त्यांच्यापुढे फीत कापता येते. रीएजंटला फीत नसते, म्हणून ते मार्चमध्ये संपतं आणि ऑगस्टपर्यंत येत नाही. शिकून तयार झालेल्या टेक्निशियनची बदली होते. सफाईत देशात पहिलं आलेलं शहर, साहेब. एक डीप फ्रीजर त्याला जड झाला?

उणे ७० चा फ्रीजर, ते क्रोमोजेनिक रीएजंट, निजमेगन (सुधारित) पद्धतीची बेथेस्डा आणि दोन शिफ्टमध्ये बदली न होणारी माणसं. नवी तारीख सांगू नका, निविदेची प्रत दाखवा.

आपले,
हिमोफिलियाग्रस्त मुलांचे पालक, इंदूर